रिव्ह्यू: माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, नीट वापरला तर अख्खी नगरपरिषद कळते

सरळच सांगते. सरकारकडून आपल्याला ज्या काही सेवा मिळतात त्यात दहा रुपयांत एवढं मोठं काम करणारी दुसरी सेवा मला तरी माहीत नाही, आणि तरी बहुतेक लोक एकदा अर्ज टाकतात, गोलमाल उत्तर येतं, आणि "काही उपयोग नाही हो त्याचा" म्हणून विषय सोडून देतात. मी आमच्या नगरपरिषदेत, तहसीलमध्ये आणि शिक्षण खात्यात असे अर्ज टाकलेत. हा रिव्ह्यू मुख्यतः नगरपरिषदेतल्या अनुभवावर लिहितेय कारण तिथे नुसती माहिती नाही मिळाली, तर गावात नेमकी सत्ता कोणाच्या हातात असते हे पहिल्यांदा नीट कळलं. गावाचं नाव देत नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावात कमीजास्त असंच चित्र असेल.

आधी थोडक्यात, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. आपल्या महाराष्ट्रात त्याआधीच २००२ चा स्वतःचा कायदा होता आणि तो अंमलात यावा म्हणून अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. पण ह्या मागणीचं मूळ राजस्थानच्या खेड्यांत आहे. दुष्काळी कामावर राबलेल्या बायकांना, मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती, विचारलं तर हजेरीपटात तुमचं काम कमी लिहिलंय म्हणायचे आणि हजेरीपट दाखवायचा नाही, कारण तो म्हणे सरकारी गुप्त कागद. तिथून अरुणा रॉय आणि मजदूर किसान शक्ती संघटनेने हिशेब मागायला सुरुवात केली, १९९६ ला ब्यावरमध्ये ४० दिवस धरणं धरलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण हा कायदा वकिलांसाठी किंवा पत्रकारांसाठी आलेला नाही, ज्यांना स्वतःच्या घामाचा हिशेब हवा होता अशा माणसांनी तो ओढून आणलाय, त्यामुळे मला इंग्रजी येत नाही, कायद्याची भाषा येत नाही, असं म्हणून मागे राहायचं काहीच कारण नाही. अर्ज मराठीत चालतो, हाताने लिहिलेला चालतो.

आता सेवा घ्यायची कशी. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' नावाचा नमुना आहे, कोर्टाबाहेरच्या किंवा तहसीलच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापील मिळतो, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्पचं तिकीट चिकटवायचं, वर "जन माहिती अधिकारी" आणि कार्यालयाचं नाव, खाली आपलं नाव पत्ता सही, झालं. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. ऑनलाइन पोर्टलपण आहे राज्य सरकारचं, पण आधी त्या यादीत आपलं कार्यालय आहे का ते बघा. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, हा राज्याचा २०१२ पासूनचा नियम. आवक विभागात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, कारण पुढचे ३० दिवस तिथूनच मोजतात, पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं पण ऐकायला मिळू शकतं.

मला खिडकीवर विचारलं होतं, "ताई, तुम्हाला कशाला पाहिजे हे?" मी म्हटलं, "दादा, कारण सांगायची गरज नाही, कलम ६ च्या पोटकलम २ मध्ये तसं स्पष्ट आहे." आवाज चढवायचा नाही, फक्त कलम सांगायचं. त्यांनी शिक्का मारला. अर्ज भलत्याच कार्यालयात गेला तरी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची असते, कलम ६(३), हेही लक्षात ठेवा कारण "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकणार म्हणजे ऐकणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ह्या सेवेत उत्तर मागायचं नाही, कागद मागायचा.

"आमच्या गल्लीतला रस्ता एका पावसाळ्यात का उखडला?" असं विचारलंत तर कायद्याने ते तुम्हाला काही द्यायला बांधील नाहीत. माहिती म्हणजे कार्यालयाच्या रेकॉर्डवर जे आधीच आहे ते, तुमच्यासाठी नवीन खुलासा लिहून द्यायची सक्ती त्यांच्यावर नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या निकालात हे साफ सांगितलंय. "का" आणि "जबाबदार कोण" हे शब्द अर्जातून काढून टाका. त्याऐवजी असं लिहा: अमुक चौक ते अमुक मंदिर ह्या रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, अदा केलेली देयकं, आणि करारनाम्यातली दोष दायित्व कालावधीची (म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करायच्या मुदतीची) अट, ह्यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, तसंच मूळ फाईल प्रत्यक्ष पाहायला मिळावी. बघा, ह्यात आरोप नाही, राग नाही, आणि पळवाट पण नाही. प्रत्येक कागदाला नाव आहे, तो एकतर आहे किंवा नाही. नाही म्हणाले तर ते लेखी मिळतं, आणि "मोजमाप पुस्तिका उपलब्ध नाही" असं लेखी मिळणं ही तर मोठीच माहिती झाली, कारण मोजमापाशिवाय बिल निघालं कसं?

प्रतीला साध्या पानाचे २ रुपये. मुदत उलटून गेली तर फुकट द्यावी लागते, कलम ७(६). पण माझं म्हणणं असं की पहिल्याच अर्जात शंभर पानं मागू नका, आधी फाईल बघायला मागा. पहिल्या तासाला फी नाही, नंतरही किरकोळच. ही ह्या सेवेतली सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि सगळ्यात कमी लोक वापरतात.

मी गेले तेव्हा बांधकाम विभागात एका कोपऱ्यातल्या टेबलावर फाईल ठेवली, शेजारी एक क्लार्क बसवला. जाड, लाल दोरीने बांधलेली. फाईलला दोन बाजू असतात हे मला तिथे कळलं, एका बाजूला टिपणी आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणीची बाजू वाचायची, जीव तिथे असतो. खालून वर कागद चढत जातो, कनिष्ठ अभियंता लिहितो "मान्यतेस्तव सादर", मग लेखापाल लिहितो निधी कुठल्या शीर्षातून, मग मुख्याधिकाऱ्यांची सही, प्रत्येकाच्या अक्षराखाली तारीख. एका ठिकाणी लेखापालाने बारीक अक्षरात लिहिलं होतं की चाचणी अहवाल जोडलेला नाही तो घेऊन मग देयक सादर करावं, आणि त्याच्या पुढच्याच टिपणीत देयक मंजूर. मधे अहवाल जोडल्याचा कुठेच उल्लेख नव्हता. म्हणजे आतल्या एका माणसाने आपलं काम चोख केलं होतं, लेखी हरकत घेतली होती, आणि बाहेर आम्ही सरसकट "सगळे सारखेच" म्हणत बसलो होतो. ते पान मी नोंदवून घेतलं आणि त्याचीच प्रत मागितली.

मोजमाप पुस्तिका, तिला सगळे एमबीच म्हणतात, तीही बघितली. त्यात रस्त्याची लांबी, रुंदी, थराची जाडी अशी मोजमापं कनिष्ठ अभियंत्याच्या सहीने असतात आणि बिल त्यावरूनच निघतं. ते आकडे लिहून घ्या आणि टेप घेऊन रस्त्यावर जा, रुंदी तर कोणालाही मोजता येते. जाडीचा संशय असेल तर कायद्यात त्याचीही सोय आहे. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराचा अर्थ दिलाय त्यात नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करणं आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेणं हेही आहे, म्हणजे रस्त्याच्या मालाचा नमुना मागता येतो. हे ऐकलं की लोकांना खोटं वाटतं, पण अधिनियम उघडून बघा.

आणि मग मिळाला तो करारनामा. त्यात दोष दायित्व कालावधी तीन वर्षं. म्हणजे तीन वर्षांत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, आणि तोपर्यंत त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे अडकलेली. आमचा रस्ता ह्या मुदतीत होता! आणि तिकडे त्याच रस्त्याच्या दुरुस्तीसाठी नवीन निधी मागायची चर्चा चालू होती. आम्ही गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या करून त्या अटीची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं, की नवीन पैसा नको, आधीच्या ठेकेदाराकडून करून घ्या नाहीतर अनामतीतून करा. त्यानंतर रस्त्याची दुरुस्ती झाली, नवीन टेंडर न काढता. उत्कृष्ट झाली असं म्हणणार नाही, पण आपल्या खिशातून दुसऱ्यांदा पैसे गेले नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण रस्ता नाही. आमच्याकडे रस्ता खराब झाला की सगळी गल्ली नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडते. फाईल वाचल्यावर कळलं की त्या बिलावर नगरसेवकाची सहीच नसते. नगरसेवकाची ताकद सभागृहात, म्हणजे ठराव, बजेट, स्थायी समिती आणि प्रश्न विचारणं. काम मोजणं अभियंत्याकडे, पैसे सोडणं लेखापाल आणि मुख्याधिकाऱ्यांकडे, आणि मुख्याधिकारी हे राज्य सरकारचे नेमलेले, त्यांची बदली आपला नगराध्यक्ष करू शकत नाही. निधी जिल्हास्तरीय नगरोत्थानसारख्या योजनेचा असेल तर मान्यता जिल्हाधिकाऱ्यांकडून. शाळेत नागरिकशास्त्रात आपण ७४ वी घटनादुरुस्ती, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय असं पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो, पण तेच एका फाईलमध्ये सह्यांच्या क्रमाने समोर आलं की आयुष्यभर विसरत नाही. कोणाला काय विचारायचं हे माहीत असणं हीच अर्धी लढाई आहे. नगरसेवकाला "रस्ता करा" म्हणण्यापेक्षा "चाचणी अहवाल नसताना देयक कसं निघालं हे सर्वसाधारण सभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंद घ्या" असं म्हटलं तर तो टाळू शकत नाही, आणि त्याने विचारलं की नाही हे पुढच्या अर्जात इतिवृत्ताची प्रत मागून बघता येतं. इतिवृत्त सगळ्यांनी मागावंच, कोण हजर होतं, कोणत्या ठरावाला कोण सूचक, कोणी विरोध नोंदवला, मत मागायला येतील तेव्हा हाताशी असू द्या.

आणि अजून एक. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमाराला संपली, ओबीसी आरक्षणाचा विषय कोर्टात अडकला आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधली सगळी वर्षं प्रशासक. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, प्रश्न विचारायला निवडून दिलेला माणूस नाही, ठराव करणारा आणि तो राबवणारा एकच. त्या काळात सामान्य माणसाच्या हातात हिशेब मागायचं जे मोजकं साधन उरलं होतं ते हा दहा रुपयांचा अर्ज. मला तेव्हा त्याची खरी किंमत कळली.

अर्जसुद्धा न करता होणारी गोष्ट पण सांगते कारण ती फारच कमी लोकांना माहिती आहे. २६ नोव्हेंबर २०१८ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय आहे, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यायचे. पुणे महापालिकेत आधीपासून हे चालू होतं, मग राज्यभर आणलं. जाताना त्या शासन निर्णयाची प्रिंट बरोबर न्या, कारण टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही. तसंच कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, अधिकार, कर्तव्यं, निर्णय प्रक्रिया, बजेट, कर्मचाऱ्यांचे पगार वगैरे. ती अद्ययावत असेल तर निम्मे अर्ज करायची वेळच येणार नाही. आमच्याकडे ती होती, पण बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांसकट.

आता वाईट बाजू, आणि ती खरंच वाईट आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचं तिकीट, ३० दिवसांच्या आत करायचं. ते जातं त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. मला एका कार्यालयात पहिल्या अपिलातच कागद मिळाले, सुनावणीला समोरासमोर बसल्यावर बरंच सुटतं, त्यामुळे पहिलं अपील कधीच सोडू नका. खरी अडचण दुसऱ्या अपिलाची. ते राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत करायचं. मुंबईच्या मुख्यालयाशिवाय आयोगाची पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोकण अशी खंडपीठं आहेत, पण २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगाकडे एक लाखाहून जास्त प्रकरणं तुंबलेली होती. आयुक्तांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत हे त्यामागचं मोठं कारण. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंडाची तरतूद आहे, पण सुनावणीच काही वर्षांनी लागणार असेल तर त्या दंडाची भीती कोणाला वाटणार. कायद्यात जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्या असं लिहिलेलं आहे, आणि दुसरं अपील मात्र वर्षानुवर्षं पडून, हे मला अजिबात पटत नाही. ह्याबद्दल आमदारांना विचारायला पाहिजे, कारण आयुक्तांची नेमणूक ज्या समितीच्या शिफारशीवर होते तिच्यात मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि एक मंत्री असतात, म्हणजे विषय सरळ विधानसभेतल्या लोकांच्या हातातला आहे.

दुसरी वाईट गोष्ट नवीन आहे. आधी कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं 8(1)(j), त्याप्रमाणे वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा विनाकारण खासगीपणावर घाला येतो, असं काहीतरी दाखवावं लागायचं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालंय, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच कारण पुरतं. लाभार्थ्यांच्या याद्या, सह्या करणाऱ्यांची नावं, ठेकेदाराचं नाव, सगळंच कोणाचं तरी वैयक्तिक म्हणता येईल ना? राजस्थानातल्या त्या हजेरीपटात तरी दुसरं काय होतं, नावंच होती. अशा वेळी अर्जात किंवा अपिलात कलम ८(२) चा आधार घ्या, जनहित जास्त असेल तर माहिती देता येते हे कलम अजून शाबूत आहे, फक्त जनहित काय ते दोन वाक्यांत स्पष्ट लिहा.

सुरक्षिततेबद्दल पण बोलायलाच हवं. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. असे ते एकटे नाहीत. गल्लीतल्या रस्त्याच्या अर्जाला घाबरायचं कारण नाही, पण जमीन, वाळू, मोठी टेंडरं असा विषय असेल तर एकट्याने करू नका, वेगवेगळ्या माणसांनी तेच कागद मागा, आणि मिळालेली माहिती स्वतःकडे दाबून न ठेवता लगेच चार जणांना वाटा. माहिती सगळ्यांकडे गेली की एका माणसाला धमकावून काही साध्य होत नाही. आणि जे लोक अर्ज टाकून नंतर पैसे घेऊन मागे घेतात त्यांच्याबद्दल मला खरंच चीड आहे, त्यांच्यामुळे खिडकीवर प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने बघतात.

तर रेटिंग. अर्ज आणि फाईल पाहणी, पाचपैकी पाच. पहिलं अपील साडेतीन. दुसरं अपील, एक. ज्यांना उद्याच्या उद्या काम करून हवंय त्यांच्यासाठी ही सेवा नाही, तक्रारीसाठी आपले सरकार पोर्टल आणि वॉर्डातला माणूस आहेच. ज्यांना आपल्या घरपट्टीच्या पैशाचं काय होतं हे बघायचंय त्यांनी एकच काम निवडा, जे रोज डोळ्यासमोर दिसतं असं, गटार, पाण्याची टाकी, अंगणवाडीची खोली काहीही, आणि त्या एका कामाची फाईल बघायला मागा. वही, पेन, मोबाईल चार्ज करून न्या, कॅमेऱ्याने फोटो काढायची परवानगी आधी अर्जातच मागून ठेवा, आणि बरोबर शेजारच्या एखाद्या काकांना किंवा कॉलेजच्या मुलीला घेऊन जा म्हणजे पुढच्या वेळी ते स्वतःचा अर्ज स्वतः टाकतील. आमच्या गल्लीत आता नाना पाणीपुरवठ्याच्या टाकीची फाईल मागतायत, अर्ज मी फक्त तपासून दिला.